चौकोनी देठांचं खानदान

फरीदा मॅडम सापाला जेवढ्या घाबरायच्या तेवढं घाबरणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. ‘साप’ हा शब्दच त्यांच्या तोंडून कधी आला नाही. त्या ‘लांबडं’ म्हणायच्या, आणि तेही आवाज खाली आणून, जसं काही ते स्टाफरूमच्या कपाटामागे बसून ऐकतंय. आणि अशा बाईंनी आयुष्यभर केलं काय, तर वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि पावसाळाभर गुडघ्याएवढ्या गवतातून फिरल्या.

रोह्याच्या कॉलेजात मी मराठी शिकवते. त्या माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. राहायला पुलापलीकडे अष्टमी गावात. मिस्टर कुवेतला, मूलबाळ नाही, थोरली बहीण रझिया पेणला. रोज सकाळी कुंडलिकेवरचा पूल ओलांडून चालत यायच्या तेव्हा सलवार-कमीज, डोक्यावर ओढणी आणि जून ते ऑक्टोबर पायात काळे गमबूट. डांबरी रस्त्यावरसुद्धा गमबूट. पोरं हसायची. शिपाई तर त्या आल्या की मुद्दाम पाय आपटत चालायचा. मॅडम त्याला म्हणायच्या, “आपट, आपट. तेवढंच लांबडं लांब जाईल.”

गवतात शिरायची त्यांची एक पद्धत होती. आधी काठीने गवत आपटायचं. मग थांबायचं. ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायचं. मग एक पाऊल. मग पुन्हा काठी. असं करत त्या टेकडी चढायच्या आणि मागे सगळा वर्ग ताटकळत उभा. एकदा मी न राहवून विचारलं, “मॅडम, एवढी भीती वाटते तर जाता कशाला?”

“मग काय करू? ती झाडं स्टाफरूममध्ये येणार हायेत का?”

‘ती झाडं’ म्हणजे सगळी झाडं नव्हेत. बाकीची त्या शिकवायच्या, नीट शिकवायच्या, पण जीव होता तो एकाच कुळावर. पुदिन्याच्या. त्याला त्या ‘आमचं खानदान’ म्हणायच्या. मला हे खानदान पहिल्यांदा दाखवलं ते कॉलेजात रुजू झाल्याच्या आठवड्यात. डबा उघडून बसले होते. त्यांनी चटणीसाठी आणलेल्या जुडीतली एक काडी माझ्या बोटांत दिली आणि म्हणाल्या, “डोळे मीट. आता देठ बोटांत फिरव. काय लागतं?”

मी फिरवला. काहीतरी टोचल्यासारखं झालं. “कोपरे आहेत.”

“चार. गोल नाय, चौकोनी. आता घरी जाऊन तुझ्या तुळशीचा देठ बघ.”

मी बघितला. इतकी वर्षं रोज पाणी घालत होते, तुळशीचा देठ चौकोनी असतो हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सांगितलं तर त्या एवढ्या खूश झाल्या की जणू मी त्यांना कुणाच्या बाळंतपणाची बातमी दिली. म्हणाल्या, “तुमची तुळस आणि आमचा सब्जा सख्ख्या बहिणी. एक तुमच्या अंगणात राहते, एक आमच्या कब्रस्तानात. माझ्या अम्मीच्या कबरीवर मी सब्जाच लावलाय. वारा आला की वास येतो, मग वाटतं अम्मी बोलते.”

त्यांना आमच्या वरसे गावातल्या घरची काळी तुळस बघायची होती. एका रविवारी आल्या आणि फाटकाबाहेरच थांबल्या. मी बोलावलं तरी आत येईनात. सासूबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, “आई, मी हात लावला तर चालेल ना?”

सासूबाई म्हणाल्या, “अगो, तुळशीला काय विचारायचं? पाणी पण घाल.”

मॅडमनी पाणी घातलं, मंजिरी भिंगातून पाहिली, सासूबाईंना पण दाखवली. इवल्याशा फुलाला दोन ओठ असतात, वरचा झाकणासारखा आणि खालचा मधमाशीला बसायला ओटा असावा तसा, हे सासूबाईंनी वयाच्या सत्तरीत पाहिलं आणि तोंडावर हात ठेवून हसल्या. परत जाताना मी मॅडमना म्हटलं, “विचारायची काय गरज होती?” त्यांनी भिंग पिशवीत टाकलं. मग म्हणाल्या, “विचारलेलं बरं, वर्षा. आजकाल मला गवताचीच भीती वाटते असं नाय.”

बारावीच्या वर्गाला त्या दरवर्षी एकदा चकवायच्या. सागाच्या झाडाखाली पोरांना उभं करायचं आणि विचारायचं, “याचा आणि पुदिन्याचा संबंध काय?” पोरं म्हणायची, काय नाय मॅडम. मग त्या सागाचं कोवळं पान तळहातावर चुरडायच्या. तळहात लालभडक व्हायचा. पोरी किंचाळायच्या. “घाबरू नका, रंग हाय. आता कोवळी फांदी हातात घ्या.” फांदीला चार कोपरे. “दारं, खिडक्या, पलंग करता तो साग, आणि पाणीपुरीत घालता तो पुदिना. एकाच घरातले. घरात एखादा पैलवान निघतो, एखादी नाजूक पोर निघते, म्हणून काय नातं तुटतं?” पोरांना तो लाल तळहात वर्षभर आठवायचा. मला अजून आठवतो, पण त्यामागे दुसरंही कारण आहे.

भाद्रपदातली गोष्ट. पाऊस ओसरला होता, ऊन कडक पडायला लागलं होतं. रोह्यापासून थोड्या अंतरावर एका वाडीच्या वरच्या माळावर मॅडम वर्गाला घेऊन निघाल्या. मुली होत्या म्हणून सोबत मी. वाडीपर्यंत गाडीने गेलो, गाडी दुपारी घ्यायला येणार होती. माळ चढायला लागलो आणि खरं सांगते, मी जन्मभर याच भागात राहते, पण तो माळ मी पहिल्यांदा पाहिला. म्हणजे डोळ्यांनी पूर्वीही पाहिला असेल. मॅडम नावं घेत चालल्या होत्या आणि त्या नाव घेतील तसं एकेक झाड गवतातून पुढे येत होतं. कुंपणाला निर्गुडी, तिचे निळसर तुरे. उताराला भारंगी, कडू पानांची, पण फुलं अशी की निळी-पांढरी फुलपाखरं फांदीवर येऊन बसावीत. पुरुषभर उंचीची दीपमाळ, एकावर एक काटेरी गोळे, त्यांतून केशरी फुलं नुकती डोकावत होती आणि एक शिंजीर चोच खुपसून लटकलेला. आणि खाली, सगळीकडे, पांढऱ्या ठिपक्यांचा कुंभा.

कुंभा हे त्यांचं सगळ्यांत लाडकं. साधं, हातभर झाड. श्रावणात त्याची भाजी करतात. देठाभोवती गोल गुच्छ, त्यात पांढरीशुभ्र ओठवाली फुलं. “याच्याएवढं पांढरं माझ्या घरी धुतलेलं कापडपण नाय,” त्या म्हणायच्या.

त्या दिवशी एका दगडाजवळ त्यांना असा एक कुंभा दिसला ज्याची फुलं नेहमीपेक्षा मोठी होती. “अरे, हा बघा, हा बघा!” म्हणत त्या पुढे झाल्या आणि हात घातला.

काठी त्यांच्या काखेत होती. आपटली नव्हती.

त्या ओरडल्या नाहीत. “हाय अल्ला” एवढंच, आणि तेही हळू. हात मागे घेतला, उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताने धरली आणि माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी विसरू शकत नाही. ज्या गोष्टीला माणूस उभा जन्म घाबरलं ती समोर येऊन उभी राहिल्यावर चेहरा कसा होतो, ते मला तेव्हा कळलं. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, गेला तो! दगडाखाली गेला!” दोन पोरांनी दगड उचलायला हात पुढे केले.

“हात लावू नको!” आता त्या ओरडल्या. “कोण पुढे जाऊ नका. मागे सरा सगळे. फणा होता का? कोणी बघितलं?”

“नाय मॅडम. आखूड होता. मातीच्या रंगाचा.”

त्या खाली बसल्या. दात एकमेकांवर वाजत होते, मला ऐकू येत होतं. पण बोलत होत्या, आणि बोलणं सगळं त्यांच्या घरच्या बोलीतलं. “वर्षा, माझ्या बांगड्या काढ गो. हात सुजंल आता. अंगठी पण.”

अंगठी निघाली. बांगड्या निघेनात. त्या काचेच्या होत्या, घट्ट. “फोड,” त्या म्हणाल्या. माझा हात पुढे होईना. सवाष्ण बाईच्या बांगड्या, तिचा नवरा परदेशात. “फोड गो! काय बघतेस?” मी ओढणी गुंडाळून दगडाने फोडल्या. हिरव्या काचा कुंभ्याच्या फुलांत पडल्या.

पोरांनी वाडीतून प्लास्टिकची खुर्ची आणली. “मी चालणार नाय,” मॅडम म्हणाल्या, “चाललं की विष पळतं.” त्यांना खुर्चीत बसवून खाली आणलं. वाडीत फोनला रेंज नाही. अँब्युलन्सला लागेना, गाडीवाल्याला लागेना. एक मुलगा रस्त्याकडे पळत गेला. तोवर सगळी वाडी गोळा झाली होती. कुणी म्हणे दोरी बांधा, कुणी म्हणे ब्लेड आणा. हाताचा पंजा फुगून डोळ्यांदेखत चकचकीत झाला होता. मॅडम फक्त “बांधू नका, कापू नका” एवढंच म्हणत होत्या, परत परत.

मग काशीआजी पुढे आली. वाडीतली म्हातारी, मॅडमना दरवर्षी पाणी देणारी. तिच्या हातात वाटी होती, वाटीत हिरवा रस. “पोरी, हे घे. कुंभ्याचा पाला हाय. नाकात घालते, डोळ्यात घालते. माझ्या सासऱ्याला वाचवला व्हता यानं.”

चार-पाच जण म्हणाले, “घ्या मॅडम, घ्या. आजीचा हात गुणाचा हाय.” एकाने त्यांचं डोकं मागून धरलं. चांगल्या मनानेच धरलं. पण मॅडमच्या डोळ्यांत जी भीती आली ती चावल्या क्षणापेक्षा जास्त होती. मला वाटलं, आता या लोकांना अडवायचं कसं? मी एकटी, ही वाडी त्यांची, आणि काही वाईट घडलं तर म्हणतील, औषध देत होतो, घेतलं नाही.

मॅडमनी डोकं सोडवून घेतलं आणि डाव्या हाताने आजीचं मनगट धरलं.

“आजी, तुझ्या वाटीत काय हाय ते मला माहीत हाय. या झाडावर माझा जीव हाय. पण याला हे काम येत नाय गो. तुझ्या सासऱ्याला चावलं ते बिनविषारी असंल. मला इंजेक्शन पायजे. मला दवाखान्यात जाऊ दे.”

आजीचा चेहरा पडला. वाटी तिने खाली ठेवली नाही, तशीच छातीशी धरून उभी राहिली.

तेवढ्यात रस्त्यावरून हॉर्न आला. पळत गेलेल्या मुलाने कंपनीची शिफ्टची बस रस्त्यात आडवं उभं राहून थांबवली होती. ड्युटी संपवून घरी निघालेली माणसं; त्यांनी उठून मागचं अख्खं बाकडं रिकामं करून दिलं. बस निघाली. मी मॅडमना धरून बसले.

“वर्षा, माझ्या तोंडाकडे बघत राहा,” मॅडम म्हणाल्या. “मी बोलते. जीभ जड झाली, पापणी पडायला लागली, तर डायवरला सांग.” आणि त्या बोलायला लागल्या. “तुळस. सब्जा. मरवा. पुदिना. पानओवा. कुंभा. दीपमाळ. भारंगी. निर्गुडी. शिवण. साग.” संपलं की पुन्हा पहिल्यापासून. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. प्रत्येक नाव नीट येतंय ना. ‘निर्गुडी’ला एकदा अडखळल्या आणि मी ड्रायव्हरला हाक मारायला उठले. त्यांनाही कळलं. त्यांनी तो शब्द परत म्हटला, सावकाश, मोजून. मग ‘साग’ म्हणताना त्या माझ्याकडे बघून हसल्या, मला धीर द्यायला असेल. त्यांचे दात लाल झाले होते. हिरड्यांतून रक्त येत होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी काचेच्या नळीत त्यांचं थोडं रक्त घेतलं आणि नळी टेबलावर उभी करून ठेवली. म्हणाले, गोठतंय का बघायचं, हलवू नका. आम्ही त्या नळीकडे बघत बसलो. मॅडमनी डोळे मिटून घेतले होते. काही वेळाने डॉक्टरांनी नळी हळूच आडवी केली. रक्त पाण्यासारखं वाहत गेलं. “फुरसं,” ते म्हणाले आणि सिस्टरला हाक मारली.

इंजेक्शनं सुरू झाली तशी मॅडमना हुडहुडी भरली. अंगावर गांधी उठल्या. सिस्टर धावपळ करत होत्या, मला बाहेर काढलं. कॉरिडॉरमध्ये माझ्याकडचा मॅडमचा फोन वाजला. कुवेतहून त्यांचे मिस्टर, इक्बालभाई. बातमी कशी पोचली कोण जाणे. व्हिडिओ कॉल. म्हणाले, “दाखवा. फक्त तिचा चेहरा दाखवा.” मी फोन छताकडे वळवून धरला आणि म्हटलं, “झोपल्यात.” पलीकडे तो माणूस बराच वेळ आमच्या दवाखान्याचा फिरता पंखा बघत राहिला.

संध्याकाळी परत रक्त घेतलं. नळी आडवी केली. या वेळी रक्त जागचं हललं नाही. पेणहून आलेली रझिया भिंतीला टेकून खालीच बसली.

त्या वाचल्या. करंगळी आणि शेजारचं बोट कायमचं ताठ राहिलं, पण वाचल्या. घरी सोडल्यावर रझियाने त्यांना पेणला नेलं. गणपतीचे कारखाने आहेत त्या बाजूला तिचं घर. मी भेटायला गेले तर मॅडम गच्चीवर खुर्चीत दोन्ही पाय वर घेऊन बसल्या होत्या. रझियाच्या कुंड्या होत्या तिथे, पुदिना, पानओवा, गजऱ्यासाठी मरवा, रंगीत पानांचे कोलियस. त्या सगळ्या तिने कठड्यापाशी एका कोपऱ्यात सरकवून वर जुनी चादर टाकली होती.

“झाकल्यात कशाला?” मी विचारलं.

रझियाने मला डोळ्यांनी गप्प केलं आणि चहा करायला खाली गेली. मॅडम म्हणाल्या, “मीच सांगितलं. वर्षा, तुला हसू येईल. मला स्वप्नात लांबडं दिसत नाय. एकदाही दिसलं नाय. कुंभ्याची फुलं दिसतात. पांढरी. ती दिसली की मी घामाने भिजून उठते.” पाय आणखी जवळ घेत म्हणाल्या, “लांबड्याला मी आधीपास्नंच भीत होते. त्यात काय नवीन? पण यांची पण भीती वाटायला लागली तर माझ्याजवळ राहिलं काय?”

खाली कारखान्यात कुणीतरी पॉलिशपेपर घासत होतं, त्याचा खर्रखर्र आवाज येत होता. तेवढ्याशा आवाजानेही त्या दचकल्या.

कॉलेजात त्या परत आल्या, शिकवू लागल्या, पण फळ्यावरून. वर्गात कुणी फांदी आणली तर टेबलावर ठेवायला सांगायच्या आणि टेबलापासून लांब उभ्या राहायच्या. डब्यातली चटणी बंद झाली. पुढच्या पावसाळ्यात इक्बालभाई सुट्टीवर आले आणि म्हणाले, आता एकटं ठेवणार नाही, बरोबर नेतो. मॅडम तयार झाल्या. राजीनामा दिला. सगळ्यांना वाटलं बरं झालं, तिकडे गवत नाही, काही नाही.

निघायच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. “वर्षा, रिक्षा करून येते. माझ्याबरोबर वाडीला चल.”

मला वाटलं आजीला भेटायला. मॅडमनी तिच्यासाठी लुगडं घेतलं होतं, ते दिलं. आजीने त्यांची ताठ बोटं हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाली, “माझा पाला नाय घेतलास ते बरंच केलंस. माझ्या जिवाला घोर लागला असता.” दोघी रडल्या. मग मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, “आजी, काठी दे तुझी.”

मी त्यांच्या मागोमाग वाडीच्या टोकापर्यंत गेले. तिथे वाट संपते आणि गवत सुरू होतं. माळ तसाच होता. दीपमाळा उभ्या होत्या आणि खाली सगळं पांढरं.

“मॅडम, नको,” मी म्हटलं. “इथूनच बघा.”

“ही भीती मला तिकडे न्यायची नाय. तू इथेच थांब. तू आलीस तर मी तुझ्या धीरावर जाईन.”

काठी आपटली. थांबल्या. पुटपुटल्या. पाय असे कापत होते की गमबुटांची वरची कड पोटऱ्यांवर आपटत होती. एक पाऊल टाकलं. पुन्हा काठी. मी तिथूनच बघत होते. थोड्या पुढे जाऊन त्या थांबल्या आणि इतका वेळ थांबल्या की मला वाटलं आता परत फिरतील. मग खाली वाकल्या. गवतात त्यांचे हात मला दिसत नव्हते. फक्त वाकलेली पाठ आणि ओढणी.

त्या सरळ झाल्या. मागे वळल्या. चेहरा घामाने निथळत होता.

“वर्षा, ये गो! वास घे येऊन!”

मी पायांपुढच्या गवताकडे पाहिलं. वाऱ्याने ते हलत होतं, की आणखी कशाने, कळत नव्हतं. त्यांनी पुन्हा हाक मारली. मला जायचं होतं. माझा पाय उचलेना.

त्यांनी थोडी वाट पाहिली. मग माझ्याकडे पाठ करून काठी आपटत त्या आणखी वर गेल्या, आणि पुन्हा वाकल्या.